बंबातलं पाणी

परवा थंडी पडली म्हणून पडवीतल्या तांब्याच्या बंबाचं झाकण उघडलं आणि भपकाऱ्याने मागे सरले. गेल्या हिवाळ्यातलं पाणी आत हिरवं, बुळबुळीत झालं होतं. त्यावर फुगलेली पाल तरंगत होती.

दर उन्हाळ्यात सासूबाई बंब रिकामा करून, घासून, वाळवून ठेवत. यंदा त्यांचा हात मोडला होता. ते काम त्यांनी मला सांगितलं, आणि विचारलं तेव्हा मी टीव्ही बघता बघता खुशाल "केलं" म्हणून मोकळी झाले.

त्या मागेच उभ्या होत्या. सगळं दिसलं त्यांना. आता बोलणार, म्हणून मी मान खाली घातली.

"तू हो बाजूला," त्या म्हणाल्या, "तुला मळमळेल. मी उपसते."

तोवर मला त्या पाण्याची किळस येत होती. मग माझीच आली.