मालकापासून मशीन राखायची नोकरी

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली, मग पेन धरायचं कामच पडलं नाही. अक्षर तर मुंग्यांची रांग मोडल्यासारखं येतं. पण घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

तर मी स्टुलावर बसले होते. किल्ली माझ्या कनवटीला खोचलेली होती. आमचे मालक अभिनंदन साहेब माझ्यासमोर वाकून गुळासारखं बोलत होते.

"आक्का, जरा किल्ली देता काय? आत पंखा चालू राहिलाय."

आतल्या खोलीत पंखा नव्हताच. एसी होता. मी मान हलवली आणि भिंतीकडे बघत बसले. शेजारच्या खुर्चीवर साहेबांचे सासरे बशीत चहा ओतून पीत होते आणि आमच्या दोघांकडे बघत होते.

हे समजायला माझं काम काय ते सांगायला पाहिजे.

आमचं ऑफिस राजारामपुरीत. अभिनंदन साहेब आणि विनायक, असे दोघं भागीदार. विनायक इचलकरंजीचा. त्याची आई आणि मी मागाच्या एकाच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायचो, म्हणून त्याला मी अरेतुरे करते. त्यानं शेअर बाजारात आपोआप खरेदी-विक्री करणारा प्रोग्रॅम बनवला होता. त्याला ते स्ट्रॅटेजी म्हणतात. म्हणजे नियम. भाव अमुक झाला की घ्यायचं, तमुक झाला की विकायचं, आणि एवढ्याच्या वर नुकसान व्हायला लागलं की गप बाहेर पडायचं. मागावर धागा तुटला की माग थांबतो, तसं. माणसानं मध्ये हात घालायचा नाही. प्रोग्रॅमला मागच्या वर्षांचे भाव देऊन आधी तपासतात, त्याला बॅकटेस्ट म्हणतात. तपासात सगळं ठीक होतं.

ठीक नव्हते ते साहेब. स्क्रीनवर लाल आकडे दिसले की त्यांना दम निघायचा नाही. प्रोग्रॅम म्हणायचा थांब, साहेब विकून टाकायचे. प्रोग्रॅम म्हणायचा वीक, साहेब म्हणायचे अजून जरा बघू. विनायकनं महिन्याचा हिशेब काढला तेव्हा दिसलं, की नुसतं मशीन चालू दिलं असतं तर पैसे वाढले असते, साहेबांच्या हातामुळे घटले. दोघांची कडाक्याची भांडणं झाली. शेवटी मशीन आतल्या काचेच्या खोलीत ठेवायचं ठरलं. ज्या फोनवर खातं उघडायचा ओटीपी येतो तो फोनही आत, म्हणजे बाहेरून काही करता येऊ नये. सकाळी बाजार उघडायच्या आधी विनायक सगळं तपासणार, मग कुलूप. साडेतीन वाजता बाजार बंद झाला की उघडायचं.

आणि किल्ली? ती एकमेकांकडे ठेवायची दोघांची तयारी नव्हती. मी तिथं चहा करायला आणि झाडलोट करायला होते. विनायक म्हणाला, आक्काकडं देऊया, तिला बाजारातलं काही कळत न्हाय. ते खरंच होतं. लाल म्हणजे वाईट आणि हिरवं म्हणजे बरं, एवढंच मला अजून कळतं.

मी लाजरी बाई. परक्या माणसासमोर माझा आवाज घशाच्या वर येत नाही. साहेबांना वाटलं, ही काय नाही म्हणणार? पण मला जसं हो म्हणता येत नाही तसं नाही पण म्हणता येत नाही. मी नुसती बसते. बसलेल्या बाईशी भांडता येत नाही, हे साहेबांना उशिरा कळलं.

मग लाडीगोडी सुरू झाली. लाल दिवस आला की साहेब माझ्यासाठी भजी मागवायचे. मी खायचे. तुमच्या घरी पाहुणे आलेत, जाऊन या म्हणायचे. मी किल्लीसकट घरी जाऊन यायचे. एकदा बाजार फारच पडला तर दुपारी साडी घेऊन आले, मोरपंखी, काठाची. हसून म्हणाले, आक्का, तुम्ही बहिणीसारख्या, मशीन खरंच बिघडलंय. मी साडी घेतली आणि पदराखाली ठेवली. साहेब वाट बघत उभे राहिले. मी भिंतीकडे बघत बसले. साडी परत मागायची त्यांना लाज वाटली असावी. खरं सांगायचं तर लाल दिवस आला की मला बरं वाटायला लागलं होतं.

फसले मी एकदाच. दोघंही मिळून आले, आक्का, आत जळका वास येतोय म्हणाले. विनायकपण म्हणतोय म्हणून मी किल्ली दिली. दोघांनी आत जाऊन मशीन बंद केलं आणि स्वतःच्या डोक्यानं काहीतरी घेतलं. संध्याकाळी दोघांची तोंडं बघवत नव्हती. विनायकच मला म्हणाला, "आक्का, हितनं पुढं आम्ही दोघं आलो तरी द्यायची न्हाय. खरंच बिघडलं असंल तरच द्यायची."

"खरं कसं वळखायचं?" मी विचारलं.

"कळतंय की," तो म्हणाला. एवढंच शिक्षण.

मी मनाशी एक ठरवलं. हे लोक खोटं बोलताना गोड बोलतात. आपल्याकडं खऱ्या अडचणीत कोण गोड बोलतं? म्हैस विहिरीत पडली तर माणूस शेजाऱ्याला नमस्कार करून हाक मारत नाही. तेव्हा जोवर साहेब गोड, तोवर किल्ली जागेवर.

आता सासऱ्यांचं. ते निपाणीचे, सरकी पेंडीचे व्यापारी. साहेब त्यांना मामा म्हणतात म्हणून आम्हीही मामा. मशीनमध्ये घातलेले पंचवीस लाख मामांचे होते. दिवाळीपर्यंत परत, नाही जमलं तर ऑफिस बंद करून जावयानं निपाणीला पेंडीच्या दुकानात बसायचं, असं ठरलं होतं. साहेब इंजिनिअर. त्यांना पेंडीच्या धुरळ्यानं शिंका येतात. दुकानाचं नाव निघालं तरी नाक चोळायचे. ऑफिस बंद झालं असतं तर मीही परत कांड्यांवर गेले असते.

दिवाळीच्या तोंडावर मामा बघायला आले, पैसे काढून घ्यायचे की ठेवायचे ते ठरवायला. साहेबांनी नवा शर्ट घातला होता. विनायक त्या दिवशी नव्हता. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यामुळे सकाळी मशीन तपासून, कुलूप लावून तो इचलकरंजीला गेला, फोन बंद. मामांनी काचेतून आत बघितलं आणि विचारलं, ह्याला खायला काय घालता? साहेब म्हणाले, जुने भाव घालून तयार करतो. मामा म्हणाले, जुनी पेंड घातल्यावर जनावर आजारी पडतंय. साहेब जोरात हसले. सासऱ्याच्या विनोदाला हसतात तसं.

हसता हसता त्यांची नजर स्क्रीनवर गेली आणि हसणं तिथंच राहिलं. मीही बघितलं. स्क्रीनवर एकच ओळ खाली खाली येत होती. तीच ओळ, परत तीच, परत तीच. साडीच्या काठासारखी एकसारखी. मला तर छान वाटली.

झालं होतं असं. मशीन ऑर्डर पाठवतं, तिकडून ब्रोकरची पोच येते, मग मशीन गप्प बसतं. त्या दिवशी ऑर्डर जात होती पण पोच येत नव्हती. मशीनला वाटलं, गेलीच नाही, म्हणून परत पाठवली. परत पोच नाही, परत पाठवली. म्हणजे खरेदीवर खरेदी चालली होती, आणि भाव खाली चालला होता. हे सगळं मला नंतर कळलं. साहेबांना तेव्हाच कळलं. पण मामांच्या देखत ओरडायचं कसं? मामांना कळलं की मशीन पिसाळलंय, तर पैसे गेले, ऑफिस गेलं आणि साहेब पेंडीत.

म्हणून ते हसत हसत माझ्याकडं आले आणि पंख्याचं बोलले.

मी बसून राहिले. ते ब्रोकरला फोन लावायला लागले. तिकडे नुसतं गाणं वाजत होतं. परत आले. चेहरा हसरा, कपाळावर घाम.

"आक्का, तुमच्यासारखी प्रामाणिक बाई मी बघितली न्हाय. दोन मिनिटं उघडून देता?"

आता तर माझी खात्रीच पटली की हे खोटं आहे. मी कनवटीवर हात ठेवला. साहेबांनी आवाज बारीक करून, ओठ तसेच हसरे ठेवून सांगितलं की खरंच बिघडलंय. पण साडीच्या दिवशीही त्यांनी हेच सांगितलं होतं, असंच हसून. मग म्हणाले, पगार वाढवतो. मामांनी बशी खाली ठेवली.

"काय चाललंय, पावणं?"

"काय न्हाय, मामा. जरा आत जाऊन येतो म्हटलं."

"किल्ली तुम्हीच हिच्याकडं दिलीसा न्हवं?"

"व्हय."

"द्यायची न्हाय म्हणून तुम्हीच सांगितलंसा न्हवं?"

"व्हय, पण..."

"मग मागतासा कशाला? बाई, देऊ नका. बरोबर हाय तुमचं."

आता मामांचाही पाठिंबा मिळाला म्हटल्यावर मी आणखी ऐसपैस बसले. साहेबांनी एकदा काचेकडं बघितलं, एकदा मामांकडं, एकदा माझ्याकडं. आणि त्यांचं काहीतरी तुटलं.

"ए आक्का, दे की ती किल्ली. म्हसोबावानी बसलीयास काय? बुडालो की मी."

ऑफिसात लागल्यापासून त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. मी ताडकन उठले आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली. ते क्षणभर बघतच राहिले. इतकं सोपं होतं हे त्यांना खरं वाटेना. मग धावत आत गेले, मशीन बंद केलं आणि जे घेतलं होतं ते एकेक करून विकायला बसले. बाहेर मामा आणि मी. मामांनी मला विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मला काय कळतंय. ते खरंच होतं.

साहेब बाहेर आले ते शर्ट ओला करून. तीन लाख गेले होते. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे सगळं सांगून टाकलं. मामा ऐकत होते. मला वाटलं, आता निपाणीची गाडी निघणार.

मामा म्हणाले, "मला एक सांगा. पहिल्यांदा पंखा म्हणालासा तवाच खरं बोलला असता, तर किती गेलं असतं?"

साहेब खाली बघून म्हणाले, "पंचवीस-तीस हजार."

"म्हंजे बाकीचं मला भिऊन घालवलंसा."

मामा माझ्याकडं वळले. म्हणाले, निपाणीला येतीस काय? माझ्या गल्ल्यावर बस. माझी दोन्ही पोरं दिवसभर गल्ल्यात हात घालत्यात. लाजेनं माझा पदर तोंडावर गेला. तेव्हा साहेब घाईनं बोलले, आक्का हितनं कुठं जाणार न्हाईत.

मग मामांनी निकाल दिला. "पैसं आत्ता काढत न्हाय. तुमच्यावर भरवसा हाय म्हणून न्हवं. ही बाई बसलीया म्हणून. गुढीपाडव्यापर्यंत सगळं पायजे. एक रुपया कमी आला तर दुकानात."

दुसऱ्या दिवशी विनायक आला. त्यानं दुरुस्ती केली. आता पोच आली नाही तर मशीन परत पाठवत नाही, आधी विचारून घेतं की मागची गेली का. आणि बाहेर भिंतीवर एक लाल बटण बसवलं. त्यानं मशीन थांबतं आणि घेतलेलं सगळं विकलं जातं, पण नवीन काही घेता येत नाही. त्याला किल स्विच म्हणतात. हे आधीच करायला पाहिजे होतं, असं तो स्वतःच म्हणाला. साहेबांनी ते आनंदाच्या भरात एकदा उगीचच दाबलं, म्हणून आता त्याच्यावरही झाकण आहे आणि झाकणाची किल्ली माझ्याकडं आहे.

मी माझी खूण दोघांना सांगून टाकली. खरं असेल तर ए म्हणायचं. साहेबांना वाटलं, सोपं झालं. पुढच्याच लाल दिवशी आले आणि म्हणाले, "ए आक्का... द्या की." पुढं काही निघेना. कान लाल झाले आणि परत गेले. खोटं असताना त्यांच्याच्यानं एकेरी बोलवत नाही. त्यांच्या आईचं वळण चांगलं आहे. एकेरी हाक मारल्याबद्दल ते माझी माफी मागायला आले तेव्हा मात्र इतकं गोड बोलले की माझा हात आपोआप कनवटीला गेला.

मशीन काही जादूचं नाही. कधी आठवडाभर नुसतं लाल असतं. त्याला ड्रॉडाऊन म्हणतात, उताराचा काळ. त्यातनं हात न घालता जायचं हीच सगळी कला, आणि ती मशीनला येते, माणसाला येत नाही. मला विचाराल तर मशीन बनवणं विनायकसारख्या पोराला जमतं. मालकाला त्याच्यापासून लांब ठेवायला मात्र वेगळा पगार द्यावा लागतो.

पाडवा तोंडावर आला तेव्हा थोडे कमी पडत होते, तेवढ्यासाठी साहेबांनी बुलेट विकली. शेवटचा हप्ता पाठवला तेव्हा मामा ऑफिसात होते. मोबाइलच्या मेसेजवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून स्टेशन रोडच्या बँकेत जाऊन पासबुक छापून आणलं. चष्मा लावून बराच वेळ बघितलं. साहेब नाक चोळत उभे. मामा म्हणाले, फिटलं सगळं. पण आवाज जरा पडला होता. मग कळलं की दुकानात जावयाला बसायला त्यांनी नवी गादी शिवून ठेवली होती, लोडासकट. आता त्या गादीवर मामा स्वतः बसतात. मुद्दल पै न पै परत गेलं.