न मागितलेला कागद

माझ्या मुलीचं नुकसान मी करतोय, हे मला तोंडावर सांगणारा एकच माणूस होता.

तो आज सकाळी गेला.

सुरेश पेडणेकर. मूळ वेंगुर्ल्याचा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात माझ्या एसी वर्कशॉपच्या समोर त्याचं टायपिंग सेंटर. व्हिसा, लेबर कार्ड, ट्रेड लायसन्स, अख्ख्या गल्लीचे फॉर्म तो भरायचा.

ब्याऐंशी साली मी एक टूलबॉक्स घेऊन इथे उतरलो. माझा पहिला फॉर्म त्यानेच भरला.

इथे आमची सगळ्यांची एक सवय. फाईलमध्ये असतील नसतील ते सगळे कागद जोडायचे. काउंटरवरून परत पाठवतील, ही धास्ती.

पेडणेकर ते एकेक काढून माझ्या हातात ठेवायचा. "हे कुणी मागितलंय?"

एकदा मी ऐकलं नाही. साताऱ्याच्या एका फिटरच्या अर्जाला त्याचं इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट जोडलं, वजन पडेल म्हणून. काउंटरवाला म्हणाला, हा फिटर की इलेक्ट्रिशियन? दोन महिने फाईल अडकली.

पेडणेकर नुसता हसला. "मोहन, न मागितलेला कागद दिला की न विचारलेला प्रश्न येतो."

हे मला पाठ होतं. तरी मुलीच्या वेळी विसरलो.

श्वेता शारजात वाढली आणि अमेरिकेत डॉक्टरकीला गेली. २००२ च्या सुमाराची गोष्ट. तिचं कॉलेज ऑस्टिओपॅथीचं. तिकडे एमडी आणि डीओ, दोघेही पूर्ण डॉक्टर. औषधं देतात, ऑपरेशन करतात. पण आपल्या लोकांना ऑस्टिओपॅथी म्हटलं की मालिशवाला आठवतो.

अबुधाबीत एका लग्नात एकाने मला विचारलंच, "म्हणजे हाडवैद्य का हो?"

मी हसलो. पण ते आत रुतलं.

डीओवाल्यांची लायसन्सची परीक्षा वेगळी. ती द्यावीच लागते. एमडीवाल्यांची परीक्षा हवी तर द्यायची. पुढचं ट्रेनिंग, म्हणजे रेसिडेन्सी, कुठे करायची त्यावर ते ठरतं. काही हॉस्पिटलं दुसरी मागतात, काही मागत नाहीत.

श्वेताचं ठरलेलं होतं. कॉलेजजवळच्या गावातलं एक छोटं हॉस्पिटल. फॅमिली मेडिसिन. तिथे तिने काम केलं होतं, तिथले पेशंट तिला नावाने ओळखत होते.

शुक्रवारी दुपारी फोन आला. मी पेडणेकरकडेच बसलो होतो, त्याच्याच फोनवर बोललो.

"बाबा, आय कॉल्ड देम. त्यांना आमचीच एक्झाम चालते."

मी म्हणालो, "दोन्ही दे. एकच दिलीस तर लोक म्हणतील दुसरी झेपली नाही."

"विच लोक, बाबा?"

मी म्हणालो, "तू दे." मग ती म्हणाली, "ओके. दोन्ही देते."

माझे कान तिखट आहेत. कॉम्प्रेसरचं बेअरिंग जातंय हे मला रस्त्यावरून कळतं. तिचा आवाज बसलेला मला स्वच्छ ऐकू आला होता.

ऐकू आला, आणि मी फोन ठेवला.

पेडणेकरने टायपिंग थांबवलं. "तिला हवं ते हॉस्पिटल काय मागतंय ते बघ ना. दुसरीकडे अर्ज करणार असेल तर देऊ दे दुसरी. नसेल तर कशाला? पोरीचं नुकसान करतोयस तू."

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. मी म्हणालो, "तू फॉर्म भर. मुलीचं मी बघतो."

"ओके शेठ," तो म्हणाला.

त्या दिवसापर्यंत मी मोहन होतो.

दोन परीक्षांमध्ये काही आठवड्यांचं अंतर. स्वतःची, डीओची, ती छान पास झाली. दुसरीत नापास.

पुढे त्या छोट्या हॉस्पिटलचा फॉर्म आला. त्यात एक ओळ होती: याखेरीज लायसन्सची कुठली परीक्षा दिली आहे का? दिली असल्यास निकाल लिहा.

तिने लिहिला.

तिला इंटरव्ह्यूला बोलावलंच नाही. कारण कोणी कळवत नाही. मला कोणी कळवायची गरजही नव्हती.

नंतर जागा मिळाली. लांब उत्तरेला, सहा महिने बर्फ असतं तिथे. आज ती तिथेच डॉक्टर आहे, चांगली आहे. दोन वर्षांतून एकदा येते. माझ्याशी फार नीट बोलते, पाहुण्यांशी बोलतात तसं.

आज पेडणेकर गेल्याचं कळवायला तिला फोन केला. तिने कधी, कसं ते विचारलं. मग म्हणाली, "बाबा, तो फॉर्म आला तेव्हा मी काकांना फोन केला होता. विचारलं, ती लाईन ब्लँक सोडू का?"

मला हे माहीत नव्हतं.

"काका म्हणाले, नाही बाळ. विचारलंय ना, मग खरं लिही. विचारलं नसतं तर गप्प बसलो असतो आपण."

"आणखी काय म्हणाला?"

"म्हणाले, बाबावर रागावू नको. त्याला प्रत्येक काउंटरवरून परत पाठवलंय, म्हणून तो जास्तीचे कागद जोडतो."

त्यानंतर वीस वर्षं आम्ही समोरासमोर चहा प्यायलो. हे त्याने मला सांगितलं नाही. मीही कधी म्हणालो नाही की तुझं बरोबर होतं.

मी श्वेताला सॉरी म्हणालो. "इट्स ओके, बाबा," ती म्हणाली.

कान तिखट आहेत माझे. ओके नव्हतं.

दुपारी त्याला गावी न्यायच्या कागदांसाठी त्याच्या जावयाबरोबर गेलो. सवयीने त्याच्या घरातली अख्खी फाईल उचलून नेली होती.

काउंटरवर चार कागद मागितले.

मी चारच दिले.

नीट जा, सुरेश. चुकलो मी. वर भेटलास की मोहन म्हण, शेठ नको.