क्रेन थांबते, लोखंड थांबत नाही

कारखान्याच्या त्या शेडमध्ये त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे ‘ओळंबा’ म्हणत. छताखालच्या रुळांवर धावणारी क्रेन तो चालवायचा, आणि त्याच्या आकड्याला टांगलेलं लोखंड गवंड्याच्या ओळंब्यासारखं सरळ लटकायचं. बाकीच्या चालकांनी क्रेन थांबवली की भार खाली झुलत बसे आणि खालची माणसं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. ओळंब्याच्या पाळीत शिव्यांना काम नसे.

गतीचे नियम त्यानं कधी पाठ केले नव्हते. शाळेचं आणि त्याचं फारसं जमलंच नाही. पण बावीस वर्षांत हातांना पक्कं कळलं होतं, की चालतं लोखंड चालतच राहायला बघतं. वर क्रेन थांबली तरी ते पुढं जातं, मग दोर त्याला मागं ओढतो, आणि जितकं पुढं गेलं तितकंच ते मागं जातं. म्हणून भार पुढं झुकला की क्रेन हळूच त्याच्यामागं न्यायची, बरोबर डोक्यावर आणून उभी करायची. “लोखंडाशी भांडायचं नाही, कलानं घ्यायचं,” असं तो नव्यांना सांगे. वर म्हणे, “घरीही असंच चालतं.”

मेहुण्याला त्यानंच तिथं चिकटवलं होतं. बायकोचा धाकटा भाऊ, पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप, चार नोकऱ्या करून हात हलवत परत आलेला. त्याचं काम खाली, भाराला साखळ्या बांधायचं. बायकोनं तेव्हा एवढंच सांगितलं होतं, “अहो, तो धांदरट आहे. तुमची नजर असू द्या त्याच्यावर.” नजर होती. वर बसून बघण्याचाच तर तो पगार खात होता.

त्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांची कायमची रड. लोखंड ठेवायचं ते ठोकळ्यांवर, म्हणजे पुढच्या वेळी खालून साखळी घालता येते. ठोकळे मोजके. त्यामुळे भार उचलला की त्याच्याखालचे ठोकळे उचलून पळत जायचं आणि भार पोचायच्या आत पुढच्या जागी मांडायचे. भार दहा पावलं लांब गेल्याशिवाय ठोकळ्यांना हात लावू नये, असा नियम भिंतीवर रंगवलेला होता. तो रंगवणाऱ्या शहाण्याला आणखी चार ठोकळे आणायचं काही सुचलं नाही.

बुधवारी सकाळी त्यानं पाच टनांचा रूळ, म्हणजे लोखंडाचा भरीव गोल ओंडका, एका यंत्राशेजारून उचलला आणि निघाला. क्रेननं नुकता वेग घेतला होता. रूळ आणि यंत्र यांच्यामध्ये जेमतेम दोन पावलांची फट झाली असेल, तेवढ्यात मेहुणा त्या फटीत शिरला आणि ठोकळ्यांसाठी वाकला. खालून कुणीतरी ओरडलं, “थांब! थांब!” आणि ओळंब्याचा पंजा लाल बटणावर पडला.

रूळ मेहुण्यापासून लांब चालला होता. काहीही केलं नसतं, तर तो लांबच गेला असता.

लाल बटण दाबलं की क्रेनची सगळी वीज जाते. क्रेन जागच्या जागी मेली. रूळ मात्र निवांत पुढं गेला, टोकाला क्षणभर रेंगाळला आणि परत निघाला. आता क्रेन पुढं, रुळाच्या डोक्यावर न्यायला हवी होती, पण क्रेन चालू कुठं होती? बटण पिळून वर काढायचं, मग किल्ली फिरवायची. त्याची बोटं बटणावरून दोनदा घसरली. तो घसा फोडून ओरडला. खाली मेहुणा छातीशी ठोकळा धरून सरळ उभा राहिला आणि त्यानं समोर बघितलं. पाठीमागं यंत्र होतं.

जीव वाचला. कमरेखालचं सगळं गेलं.

चौकशीला आलेल्या साहेबांनी ओळंब्याची पाठ थोपटली. तो म्हणाला, “साहेब, बटण दाबायला नको होतं.”

“नियमात बटण दाबा असंच लिहिलंय. तुम्ही अगदी बरोबर केलंत. नसतं अंगावर ओढवून घेऊ नका,” म्हणत साहेबांनी कागद पुढं सरकवला. त्यानं सही केली.

बायकोलाही त्यानं एकदा सांगून पाहिलं. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. “दमलात तुम्ही. अहो, एका क्षणात क्रेन थांबवलीत, सगळे सांगतात. तुम्ही होतात म्हणून माझा भाऊ डोळ्यांसमोर आहे.” मग ती रडायला लागली आणि तिला गप्प करायचं काम त्याच्याकडंच आलं.

मेहुण्याला त्यांनी आपल्याच घरी आणलं, बाहेरच्या खोलीत खाट टाकली. महिनाभर ओळंबा त्याच्या उशाशी बसून हवापाण्याच्या गप्पा मारत राहिला. एका दुपारी बायको औषधं आणायला गेली, तेव्हा त्यानं दार लोटून घेतलं.

“मला काहीतरी बोलायचंय,” तो म्हणाला.

“बटणाचं ना?” मेहुणा म्हणाला. “मला ठाऊक आहे, दाजी. मी खालीच होतो की. रूळ चालला होता आपल्या वाटेनं.”

ओळंबा खाटेच्या कडेवर टेकला.

“एक खरं सांगा. त्या फटीत दुसरा कुणी असता, तर दाबलं असतं?”

नाही म्हणू नये, एवढं त्याला कळत होतं. “नाही,” तो म्हणाला. “क्रेन पुढं नेली असती. तू दिसलास आणि हात माझे राहिलेच नाहीत.”

मेहुण्यानं नजर छताकडं वळवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं. ते त्यानं पुसलंही नाही. ओळंबा हात जोडून म्हणाला, “मला माफ...”

“नको,” मेहुणा घाईनं म्हणाला. जिन्यात चपला वाजल्या होत्या. “आता नको, दाजी. कधीच नको. ताईच्या कानावर गेलं तर ती तुमच्याकडं बघेल कशी? आणि मला तर इथंच राहायचंय.”

दार उघडलं. बायको धापा टाकत आत आली आणि औषधाची पिशवी नवऱ्याच्या हातात देत म्हणाली, “काय चाललंय दोघांचं?”

“काही नाही,” दोघं एकदमच म्हणाले.