त्या सकाळी कॉम्प्युटरने विचारलंच नाही

माझ्याकडे महिन्यातून एखादं तरी गिऱ्हाईक असं येतं, ज्याच्या कॉम्प्युटरमध्ये भूत शिरलेलं असतं. पालघरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, शिवाय बोईसरच्या कारखान्यांच्या ऑफिसांत देखभालीची कामं करतो. मागे तिकडचाच एक सुपरवायझर पीसी घेऊन आला – "भैया, ये अपने आप चालू होता है, इसमें कुछ है." मी उघडून दाखवलं... खाऱ्या हवेने बटणाचा स्विच गंजला होता. बारा वर्षांत मला सापडलेली भुतं म्हणजे गंज, उंदीर, मुंग्या आणि एकदा एक पाल. त्यामुळे मी असं काही लिहितोय हे कळलं तर दुकानात माझी चांगलीच खेचतील. तरी लिहितो, कारण दोन वर्षं झाली आणि आमच्या स्वतःच्या घरातल्या कॉम्प्युटरमधलं कारण मला अजून सापडलेलं नाही.

घर एडवणला. आई, थोरला भाऊ हेमंत म्हणजे दादा, वहिनी आणि मी. दादा आमच्या बोटीचा तांडेल – बोट त्याच्या हातात, खलाशी त्याच्या शब्दावर. पापलेट नेमकं कुठे लागतं ते ठिकाण प्रत्येक तांडेल जिवापाड लपवतो. पूर्वी डोक्यात ठेवायचे, आता जीपीएसमध्ये ठेवतात. एकदा दादाचं ते मशीन जळालं आणि त्यातले सगळे पॉइंट गेले, तेव्हा तो आठवडाभर धड जेवला नव्हता. तेव्हापासून तो प्रत्येक फेरीनंतर एका बोटाने टाइप करत पॉइंटचे आकडे घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतो. त्यासाठी मी त्याला वेगळं खातं उघडून दिलं. पासवर्ड त्याने मला पाठ फिरवायला लावून टाकला. सख्ख्या भावाला!

दुसरं खातं माझं. त्यावर चालू झाल्या झाल्या वाऱ्याचा नकाशा उघडेल अशी सोय केली होती, ती आईसाठी. तिला वाचता येत नाही आणि मोबाइलवरचं बारीक दिसत नाही, पण मोठ्या स्क्रीनवरचं निळं म्हणजे वारा कमी आणि लाल म्हणजे जास्त, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. दादा दर्यावर असला की रोज सकाळी उठून ती पहिलं हेच बघायची. अडायचं ते लॉगिनच्या स्क्रीनपाशी. मग मला झोपेतून हलवायची.

"माज्याच घरात मलाच इचारतंय, तू कोन? अरे, मी हाय. आनखी कोन असनार?"

शेवटी मी ते विचारणं बंद करून टाकलं. सेटिंगमध्ये एक खूण काढायची, आपला पासवर्ड दोनदा टाकायचा, झालं. चालू केलं की कॉम्प्युटर काही न विचारता थेट माझ्या खात्यात. गिऱ्हाइकांना मी हे पाच मिनिटांत करून देतो. वर्षभर ते बिनबोभाट चाललं.

त्या वर्षी दिवाळीनंतर दादा तीन खलाशी घेऊन निघाला. पाचव्या दिवशी परत येणार होता. चौथ्या दिवशी अचानक वारा उठला, नकाशा लाल झाला, बाकीच्या बोटी कशाबशा किनाऱ्याला लागल्या. दादाची नाही. वायरलेसवरही उत्तर नाही. तटरक्षक दलाला कळवलं, गावच्या बोटी बाहेर पडल्या, पण एवढ्या दर्यात शोधणार कुठे? वहिनी पहिल्या बाळंतपणासाठी डहाणूला माहेरी गेलेली. तिला आम्ही सांगितलंच नव्हतं. तिचा फोन आला की मी म्हणायचो, रेंज नाही ग त्याला.

सहाव्या दिवशी संध्याकाळी भास्करकाका घरी आले. गावातले सगळ्यांत जुने तांडेल. त्यांनी सरळ विचारलं, "त्याचे पाँट कुटं हायत? ते असले तर शोधता येईल. नायतर आंधळी कोशिंबीर हाय ही."

मी कॉम्प्युटरकडे बघितलं. दादाचं खातं मला उघडता येत नव्हतं अशातला भाग नाही, अर्ध्या तासाचं काम. पण आईने माझा हात धरला.

आमच्यात एक रीत आहे. दर्यावर गेलेल्या माणसाची घरात ठेवलेली पेटी घरच्यांनी उघडायची नाही. आत काही का असेना... तिला हात लावायचा नाही. ती उघडतात माणूस गेल्यावर, बाराव्याला. आईच्या लेखी दादाचं खातं म्हणजे त्याची पेटीच होती.

"तू ती उघडलीस म्हंजे आपन मानलं, का तो गेला," ती म्हणाली. "मी नाय मानत."

काका उठले. त्यांनाही ती रीत मोडवत नव्हती. मला आईचा राग आला, खोटं कशाला बोलू. तिकडे चार माणसं दर्यात आणि इकडे आपण पेटी पेटी करतोय. ठरवलं, सकाळी तिचं न ऐकता उघडायचं. पण रात्रभर कॉम्प्युटरला हात लावला नाही, हे मी कुठल्याही देवळात सांगायला तयार आहे.

सकाळी मी पडवीत दात घासत होतो. आईने नेहमीप्रमाणे बटण दाबलं. थोड्या वेळाने तिची हाक आली. हाक कसली, नुसतं नाव.

"नितीन."

आत गेलो. स्क्रीनवर वाऱ्याचा नकाशा नव्हता. नारळी पौर्णिमेला सजवलेल्या आमच्या बोटीचा फोटो होता, पताका लावलेल्या. दादाचं खातं. कुणी काही विचारलं नव्हतं, कुणी काही टाइप केलं नव्हतं.

"तू उगडलीस?"

"नाही, आई."

"माजी शपथ?"

"तुझी शपथ."

ती खुर्चीत बसली. मी उघडलं असतं तर ती चिडली असती, एवढंच. मी उघडलं नव्हतं म्हणून ती घाबरली. आमच्याकडे असंही म्हणतात, की दर्यावर असलेला माणूस बोटीशिवाय घरात आला, तर तो परत यायचा नाही.

"बंद कर," ती म्हणाली. "तो आलाय. बंद कर, त्याला जाऊ दे."

माझा हात बटणाकडे गेला. पण समोर पॉइंटची फाइल दिसत होती. मी म्हटलं, "आई, दोन मिनिटं." फाइल उघडली, मोबाइलवर फोटो काढले. पहिला हलला, परत काढला. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या बोटीच्या फोटोकडे बघून हळू बोलत होती, दादा लहान असताना बोलायची तसं.

"इथं नको थांबू, बाबा. बोटीवर जा. बोटीतून घरी ये."

मी कॉम्प्युटर बंद केला आणि अनवाणीच भास्करकाकांच्या घराकडे पळालो. यादीतले शेवटचे पॉइंट वर डहाणूच्या दिशेला होते, सगळ्या बोटी शोधत होत्या खाली दक्षिणेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाची बोट त्यातल्याच एका पॉइंटजवळ मिळाली. बोटीखालच्या पंख्यात जाळं गुंडाळून इंजिन बंद, बॅटऱ्या भिजलेल्या, नांगर टाकून उभी. चौघंही जिवंत.

दादाचं पहिलं वाक्य, सलाइन चालू असताना – "माझे पाँट साऱ्या गावाला वाटलेस?" तेव्हा मी रडलो.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, तुझा पासवर्ड काढला होतास का? नाही म्हणाला. माझ्यासमोर खातं उघडायला लावलं. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला, त्याने एका बोटाने टाकला – मला पाठ फिरवायला लावूनच – आणि उघडलं. सेटिंगमध्ये न विचारता उघडण्यासाठी माझंच नाव होतं. कॉम्प्युटर आतल्या आत नोंदी ठेवतो, त्या काढल्या. सहा बेचाळीसला दादाच्या नावाने बरोबर पासवर्ड देऊन खातं उघडलं. सहा एक्कावनला बंद झालं. चुकीचा प्रयत्न एकही नाही. डिस्क बदलून पाहिली, सगळं नव्याने टाकून पाहिलं, माझ्याहून जाणत्या दोघांना दाखवलं. ते म्हणाले, तूच झोपेत केलं असशील. असेन... पण पासवर्ड?

इथपर्यंत मी कसंबसं निभावून नेलं होतं. मग महिन्याभराने मासवणचा लक्ष्मण भेटला, त्या फेरीला दादाबरोबर असलेला खलाशी. चहा पिता पिता सहज म्हणाला, "तांडेल एकदा पार थंड पडलेला. आमी समजलो, गेला. तोंडावर पानी मारलं, हाका मारल्या, काय नाय. मग आपलाच उठून बसला."

मी विचारलं, कधी?

"तुमची बोट भेटली ना, त्याच्या आदल्या सकाळी. सूर्य निघत व्हता."

हे मी आईला सांगितलेलं नाही. दादालाही नाही. त्याला मुलगी झाली, तो परत दर्यावर जातो, पॉइंट अजून लपवतो. गिऱ्हाईक आलं की मी लॉगिन काढून देतो, नको म्हणत नाही. आमच्या घरी मात्र ते परत लावलं. आईनेच लावायला सांगितलं – "आता इचारू दे त्याला."

दादा बाहेर असला की ती अजूनही सकाळी बटण दाबते आणि पदराचं टोक मुठीत धरून समोर बसते. दोन नावं येतात, खाली पासवर्डची रिकामी चौकट येते. मी अंथरुणात जागाच असतो, श्वास रोखून.

"इचारतंय रे," ती म्हणते, आणि चहा टाकायला जाते. मग मी उठतो.