काळ्या झग्यातली बाई

एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत एक जुनी बेकरी आहे. नाताळाआधी तिथे बायका घरून केकचं मिश्रण कालवून आणतात आणि भट्टीत भाजून घेतात. मी पाव घ्यायला थांबले होते. काळ्या झग्यातली एक बाई रिकामं भांडं घेऊन रांगेतल्या एकेकीपुढे जात होती. प्रत्येक बाई तिला डावभर मिश्रण देत होती आणि ती भांड्याची कड अंगठ्याने पुसून चाखत होती. फुकटात केक मिळवायची ही युक्ती दिसत होती. मी पर्स पुढे ओढून घेतली.

"माझ्यात रम जास्त आहे, जपून खा," एकीने तिला बजावलं.

"मग अजून एक डाव घाल."

सगळ्या हसल्या. मला ते हसणंही ठरवून केल्यासारखं वाटलं.

ती माझ्यापाशी आली तेव्हा मी नजर चुकवली. ती हिंदीत म्हणाली, "घाबरू नकोस बेटी, तुझ्याकडे काही मागत नाही. यंदा नवरा गेला. अशा घरात आम्ही केक करत नाही. पण खायचा नाही, असं कुणी सांगितलंय?"

बाबा गेले त्या दिवाळीत आमच्याकडेही फराळ केला नव्हता. न्यू टाउनच्या आमच्या इमारतीतून कुणाकडूनही काही आलं नाही. आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं.