हेडबाईनं दिलेला शब्द

आमच्या फोनच्या कचेरीत बारा मुली आणि त्यांच्यावर एक हेडबाई. बाईचा आवाज घोगरा, उंची बेताची, बोलणं तोलूनमापून. लोकांनी फोन उचलला की मुलगी "बोला" म्हणायची आणि हवं तिथे जोडून द्यायची. नंबर ठाऊक आहेत कुणाला? "पोरी, माझ्या जावयाला लाव, दुकानात असेल बघ." त्यावर मुलगी सांगायची, "दुकानात नाहीत काका, आत्ताच न्हाव्याकडून बोलत होते." मी तिथे तारा ओढणारा, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं.

मग आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि त्याच्या मागोमाग मोठ्या कचेरीतले साहेब आले. घरोघरी चकती फिरवून नंबर लावायचे फोन बसवले, नंबरांची पुस्तकं वाटली. रविवारी दुपारी बाराला जुन्या तारा कापायच्या, असं ठरलं. साहेबांच्या पिशवीत बारा पाकिटं होती. सोमवारपासून मुलींना रजा, तीही कायमची. बाईनं मात्र मुलींना शब्द दिला होता, "एकीचीही नोकरी जाऊ देणार नाही." कशाच्या जोरावर, ते तिचं तिलाच माहीत.

बाराच्या ठोक्याला मी तारा कापल्या. यंत्र खडखडलं, साहेब हसले. दहा मिनिटांत यंत्रावरचे सगळे दिवे लाल झाले आणि खडखड थांबली.

"तार तुटली का रे?" साहेबांनी मला विचारलं. मी नव्या तारा तपासल्या, सगळ्या धड होत्या.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. जुन्या तारा कापलेल्या, नवं यंत्र मुकं. तेवढ्यात दवाखान्याचा कंपाउंडर धापा टाकत आला. पेशंट टेबलावर, डॉक्टर घरी आणि फोन लागत नाही. बाईनं माझी सायकल त्याला देऊन डॉक्टरांकडे पिटाळलं आणि माझा तपासणीचा फोन यंत्राच्या एका तारेला जोडून कानाला लावला. मग दुसरीला, मग तिसरीला. तिसरीला तिनं तो माझ्या हातात दिला. पलीकडून एक आजोबा शांतपणे म्हणत होते, "पोरी, गिरणी दे गं. झोपलीस का?"

गावानं पुस्तक उघडलंच नव्हतं. फोन उचलायचा आणि मुलीची वाट बघायची, एवढंच त्यांना येत होतं. यंत्राकडे वाटा साठ, म्हणजे एका वेळी साठच जणांचा फोन चालणार. दीडशे घरं फोन उचलून "ताई, ताई" करत बसलेली, साठही वाटा अडवून.

मुलींमधली एक फटकळ होती. म्हणाली, "राहू दे की बाई बंद. आपल्याशिवाय चालत नाही, हे साहेबांना कळू दे."

सगळ्या बाईकडे बघायला लागल्या. खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं.

"दवाखान्याचा फोनसुद्धा बंद आहे," बाई म्हणाली. "कुणा पेशंटच्या जिवावर मला तुमच्या नोकऱ्या नकोत. चपला घाला. जिनं जी गल्ली फोनवर सांभाळली, तिनं त्या गल्लीत जायचं. आधी फोन खाली ठेवायला लावा, मग चकती शिकवा."

"एवढ्या घरांत यांना ओळखणार कोण?" साहेब म्हणाले.

"तोंड उघडलं की ओळखतील."

झालंही तसंच. फटकळ मुलीला एक म्हातारी दारातच म्हणाली, "अगं, तू तर आवाजापेक्षा फारच बुटकी निघालीस." आणि हाताला धरून आत नेलं.

कचेरीत आम्ही तिघंच उरलो. साहेब घड्याळ बघत होते, बाई दिवे बघत होती. पाऊण तासानं एक लाल दिवा विझला. मग चार. दवाखान्याचा सुटला तेव्हा बाई पहिल्यांदा टेकली. दोनपर्यंत यंत्र पुन्हा खडखडू लागलं.

आणि टेबलावरचा फोन वाजला. कचेरीचा नंबर एक, सोपा, तेवढाच लोकांच्या लक्षात राहिलेला. साहेबांनी उचलला. कुणाला तरी चष्म्याशिवाय पुस्तक दिसत नव्हतं, न्हाव्याचा नंबर हवा होता. साहेब पानं चाळत राहिले. बाईनं बसल्याजागी नंबर सांगितला. फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. मग पुन्हा.

सातव्या वेळी साहेबांनी फोन बाईपुढे सरकवला. "मुली कधी परततील?"

"कुठल्या मुली? तुमच्या पिशवीत आहेत त्या?"

साहेबांनी पिशवीचा पट्टा आवळला आणि पायानं ती टेबलाखाली सरकवली.

"उद्या आठला या म्हणावं," ते म्हणाले. "बाराही जणी."

बाईनं मान हलवली आणि फोन उचलला. "बोला."