राजश्रीताईंच्या चाकातली लांबी

खंडेनवमीला मी नारळ आपटला. नारळ फुटला नाही, चाक फुटलं.

मी कामाला असतो त्या संगमेशअण्णांच्या सायकल दुकानात त्या दिवशी पाने, पकडी, पंप सगळ्यांना हळदीकुंकू लागतं. गिऱ्हाइकांच्या सायकलीही सुटत नाहीत. नारळ फोडायचा दगड कुणीतरी शटरला टेकण दिलेला. मी म्हटलं, फरशी काय वाईट? हात घसरला आणि नारळ जाऊन बसला राजश्रीताईंच्या, भिंतीला टेकवलेल्या मागच्या चाकावर.

राजश्रीताई बनसोडे एसटीत कंडक्टर, बार्शीच्या पहिल्या गाडीला. पण पहिल्या गाडीच्या कंडक्टरला स्टँडवर सोडायला कुठली गाडी असते? म्हणून त्या सायकलनं जायला लागल्या. रस्त्यात शर्यतीवाली पोरं दिसायची, त्यांना मागं टाकायची खोड लागली. दिवसभर लोकांना ‘पुढं सरका’ म्हणायचं आणि पहाटे स्वतः सरकायचं. रविवारी जिल्हा संघाची निवड होती, घाटातली शर्यत. चौतिसाव्या वर्षी ही शेवटचीच संधी, असं त्याच म्हणायच्या. त्या शर्यतीसाठी पुण्याच्या एका शर्यतवाल्याकडून त्यांनी कार्बनची जुनी चाकं घेतली होती. वजन भाकरीच्या टोपलीएवढं, किंमत म्हशीएवढी. टायर बसवायला आमच्याकडं सोडलेली.

ड्युटी संपवून त्या खाकी कपड्यातच आल्या. मी नारळ पाठीमागं लपवला.

“भिम्या, हातात काय हाय?”

“प्रसाद, ताई.”

“आन् चाकाला काय झालंय?”

“तो पण प्रसादच.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या आणि फुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. मला वाटलं खोबरं.

अण्णांनी चाक उजेडात धरलं. “ताई, कार्बन काळा असतो की आतनं. ही लांबी हाय.”

लांबी म्हणजे गाडीचा पोचा झाकायला डेंटर भरतात ती. अण्णांनी चाकावरचं मोठं स्टिकर नखानं सोललं. खाली बोटभर लांब जुनी चीर, लांबीनं भरलेली, वर काळा रंग. माझ्या नारळानं नवीन काही फोडलं नव्हतं, फक्त झाकण उडवलं होतं.

ताईंनी तिथंच पुण्याला फोन लावला, आवाज मोठा करून.

“सपाटीला चालतंय की ते!” पलीकडचा म्हणाला.

“आन् घाटात?”

“घाटात कोण जातंय ताई तुम्हा बायकांतलं?”

फोन कटला. ताईंच्या तोंडाचा रंगच गेला. घाट उतरताना हवा भरलेलं ते चाक उघडलं असतं तर काय झालं असतं, ते तिघांनाही दिसत होतं. अण्णांनी चाक पूजेतल्या पानापकडींपासून लांब नेऊन ठेवलं.

“कापड आन् डिंक लावून न्हाय का भागत?” ताईंनी विचारलं.

“बाकी कुटंबी भागलं असतं. ही टायर धरणारी कड हाय, हितं न्हाय. मधला हब ठेवून रिमच बदलायची, तारा नव्यानं ओवायच्या. रिम यायला आठ दिवस.”

“रविवारला चार हायत.”

मग मी पळालो. आमच्या गल्लीतल्या अभिमन्यूकडं ॲल्युमिनियमचं चाक आहे, जड पण इमानी. त्याच्या चिखलानं बरबटलेल्या सायकली धुवून द्यायचं कबूल केलं, तेव्हा त्यानं सोडलं. अण्णांनी आऊट काढून ते डुगडुगतं चाक सरळ केलं, ब्रेकची रबरं बदलली आणि ताईंना दिलं.

रविवारी ताई पाचव्या आल्या. संघात चार जागा. पाचवी राखीव.

दुकानात येऊन ताईंनीच ही बातमी सांगितली. अण्णा म्हणाले, “चाक जड पडलं.”

“ओ अण्णा,” ताई हेल्मेट काढत म्हणाल्या, “मी कंडक्टर हाय. राखीव शीट म्हंजे काय ते मला शिकवू नका. कुणी न्हाय आलं की बसायचं. आन् कुणीतरी न्हाय येतंच!”

महिन्याभरात एक पोरगी परीक्षेमुळं गळाली. ताई नव्या रिमवर संघात गेल्या.

अभिमन्यूचं चाक आम्ही परत केलं. त्याच्या सायकली मात्र अजून तशाच आहेत, आणि गल्लीत मी हल्ली दुसऱ्या टोकानं शिरतो.